पणाला लागलेल्यांचा मशवरा

सरकारी अधिसूचनेच्या तळाशी एक ओळ असते. अमुक तारखेपर्यंत आलेल्या हरकती व सूचनांचा विचार करण्यात येईल, अशा अर्थाची. आपल्यापैकी बहुतेकांची नजर त्या ओळीवरून घसरून जाते. आपल्याला कोण विचारतो, असे म्हणून आपण कागद बाजूला ठेवतो आणि नियम झाल्यावर मात्र चहाच्या टपरीवर त्याची चिरफाड करतो.

२ ऑक्टोबर २०२५ रोजी अशीच एक ओळ दिल्लीहून आली. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने ऑनलाइन खेळांच्या नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला आणि त्यावर ३१ ऑक्टोबरपर्यंत लोकांची मते मागवली. दिवस गांधीजयंतीचा होता, योगायोग असेल. मूळ कायदा त्याआधीच झाला होता. २० ऑगस्टला लोकसभेने, २१ ला राज्यसभेने तो मंजूर केला आणि २२ ला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ या कायद्याने बंद ठरवले, मग त्यात नशीब असो वा कौशल्य. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. तो बळी आहे, अशी सरकारची भूमिका. मसुदा होता तो पुढच्या कामाचा. कोणता खेळ पैशाचा आणि कोणता करमणुकीचा हे कोणी व कसे ठरवायचे, करमणुकीच्या खेळांची नोंदणी कशी करायची, तक्रार घेऊन कुणाकडे जायचे.

आता शिंदखेड्याचा आणि या मसुद्याचा संबंध काय, असे कुणी विचारील. संबंध आहे. आमच्या तालुक्यात कापूस आहे, दोंडाईच्याचा मिरचीचा बाजार आहे, सुरत-भुसावळ रेल्वे आहे, आणि अलीकडच्या वर्षांत प्रत्येक खिशात मोबाइल आला आहे. पूर्वी आकडा लावायला माणसाला बाजारातल्या एखाद्या बोळात जावे लागे. कुणी पाहील ही धास्ती असे. आता तो बोळच अंथरुणात आला आहे. इशाची नमाज पढून आलेला तरुण गोधडी डोक्यावर घेऊन काय करतो, हे शेजारी झोपलेल्या बायकोलाही कळत नाही. तिला कळते ते महिन्याच्या अखेरीस, गॅसची टाकी आणायची वेळ येते तेव्हा.

म्हणून दिवाळीच्या सुटीत आम्ही चार-पाच शिक्षक एकत्र बसलो. मसुद्याची इंग्रजी प्रत मोबाइलवर उतरवून घेतली होती. ती वाचायची, समजेल तेवढे एकमेकांना उर्दूत-मराठीत सांगायचे आणि जमले तर आपले मत लिहून पाठवायचे, असा बेत होता. पहिल्याच पानावर गाडी अडली. आमच्यातले ज्येष्ठ गुरुजी, ज्यांच्याकडे उर्दू आणि दीनियात हे विषय आहेत, ते म्हणाले, "जो चीज हराम है, उस में मशवरा कैसा?" पुढे म्हणाले, दारूचे दुकान किती वाजता उघडावे असे कुणी विचारले तर तुम्ही वेळ सांगाल का?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. नियम कसा असावा असे विचारणारा माणूस, ती गोष्ट असावी की नसावी हा प्रश्न अगोदरच खिशात घालून आलेला असतो. 'कसे'चे उत्तर दिले की 'का'चा हक्क आपण सोडला, असा त्याचा अर्थ होऊ शकतो. जगात जुगाराच्या परवान्यांबाबत लोकांना जेव्हा जेव्हा विचारले जाते, तेव्हा प्रश्न बहुधा 'कसे'चाच असतो. टेबले किती, तास किती, कर किती टक्के. गुरुजींना भीती होती ती याची, आणि ती रास्त होती.

पण गुरुजी ज्या किताबाच्या आधारे बोलत होते, तिथेच आम्हाला दुसरी वाट दिसली. सूरह बकरामध्ये दारू आणि जुगाराविषयी जी आयत आहे, ती मुळात एक उत्तर आहे. लोकांनी पैगंबरांना (स.) विचारले होते, म्हणून ती उतरली. आणि त्या उत्तरात केवळ 'नको' एवढे नाही. या दोन गोष्टींत गुनाह मोठा आहे आणि लोकांसाठी काही फायदेही आहेत, पण गुनाह फायद्याहून भारी आहे, असा तराजू त्या आयतीने लोकांसमोर धरला आहे. संपूर्ण मनाईची आयत सूरह मायदामध्ये नंतर आली. आपले वक्ते मायदाची आयत मोठ्या आवाजात सांगतात, पण बकरामधला तो 'फायदा' हा शब्द घाईघाईने ओलांडून जातात.

तो फायदा कोणता? जुन्या अरबस्तानात मैसर नावाचा खेळ होता. उंट कापायचा, त्याचे वाटे पाडायचे आणि खुणा केलेले बाण काढून कुणाला किती वाटा हे ठरवायचे. ज्यांचे बाण रिकामे निघत त्यांनी उंटाची किंमत भरायची. पण जिंकणारे ते मांस घरी नेत नसत, गरिबांना वाटून टाकत. दुष्काळी हिवाळ्यात भुकेलेल्यांच्या पोटात त्यामुळे घास जाई, आणि जो या खेळात भाग घेत नसे त्याला लोक कंजूष म्हणून हिणवत. म्हणजे जुगार ही तेव्हा दानशूरपणाची खूण होती! आजचे सरकार लॉटरीच्या उत्पन्नातून लोककल्याण करते म्हणते, त्याहून त्या अरबांचा दावा अधिक खरा होता, कारण मांस थेट गरिबाच्या भांड्यात पडत होते. तरीही तराजू दुसऱ्या बाजूला झुकला. आणि आम्हाला त्या आयतीतली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती पुढची. त्याच आयतीत लोक आणखी एक प्रश्न विचारतात, आम्ही खर्च काय करावा? उत्तर येते, गरजेपेक्षा जे जास्त आहे ते. जुगार आणि दान हे दोन प्रश्न एकाच आयतीत शेजारी शेजारी आले आहेत. आम्ही त्याचा अर्थ असा घेतो की गरिबाचा घास बाणाच्या टोकावर टांगू नका, तो तुमच्या शिलकीतून द्या.

हा अर्थ आम्ही मांडला तेव्हा गुरुजी गप्प राहिले. मान्य केले असे नाही, पण मसुद्याचे दुसरे पान उलटू दिले.

'हराम आहे' एवढे कारण आम्हाला स्वतःपुरते पुरते. शेजारच्या पाटलाला, वाण्याला, भिल्ल सालदाराला ते का पुरावे? आपल्या देशाचा कायदा कुणा एकाच्या किताबावर चालत नाही आणि चालू नये. अल्पसंख्य म्हणून तर हे आपल्याला सर्वांत आधी कळायला हवे. मग मंत्रालयाला लिहायचे ते सर्वांच्या भाषेत लिहायला हवे. ती भाषा शोधायला लांब जावे लागत नाही. १९५७ साली मुंबई राज्य विरुद्ध चमारबागवाला या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुगार हा व्यापारच नाही, म्हणून व्यापाराच्या स्वातंत्र्याचे संरक्षण त्याला नाही, असा निकाल दिला. शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धेचे ते प्रकरण होते. न्यायमूर्तींनी त्यात ऋग्वेदापासून महाभारतापर्यंत आणि स्मृतिग्रंथांपर्यंत जुगाराचा निषेध कसा झाला आहे याची उजळणी केली. म्हणजे या एका बाबतीत निदान आपल्या मोहल्ल्याचे आणि गावाचे दुखणे एकच आहे.

आणि खानदेशात तर ते जुने आहे. मटका या धंद्याचा जन्म कापसातून झाला, ही गोष्ट कापूस पिकवणाऱ्या आमच्या भागात फार थोड्यांना ठाऊक असते. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात भाव काय उघडला आणि काय बंद झाला, हे आकडे तारेने मुंबईच्या बाजारात येत आणि त्यांवर लोक पैसे लावत. ते आकडे येणे १९६१ च्या सुमारास थांबले, तेव्हा कापसाचा आधार गेला पण सट्टा राहिला. १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी आपापले मटके सुरू केले. कापूस निघून गेला, पण 'ओपन' आणि 'क्लोज' हे त्याचे दोन शब्द आजही आकडा लावणाऱ्याच्या तोंडी आहेत. शेतकऱ्याने कापूस वेचून बाजारात नेला की त्याचा भाव कुठे दूरवर ठरतो, तो त्याच्या हातात नसतो. आणि त्याच भावाच्या आकड्यावर मुंबईचा गिरणी कामगार पगार लावत होता. पिंजाऱ्याच्या धनुकलीवर ज्यांच्या पिढ्या गेल्या अशा आपल्या बिरादरीतल्या वाचकांनी यावर थोडा वेळ विचार करावा.

आखाजीचे उदाहरण घ्या. अक्षय्य तृतीयेला खानदेशात लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. फार सुंदर सण आहे. पुरुषमंडळी मात्र त्या दिवसांत पत्ते कुटतात, पैसे लावून. ती जुनी रीत आहे, तिला कुणी फारसे नाव ठेवत नाही, आणि आमच्या मोहल्ल्यातील पोरे त्या डावात मागे नसतात. त्याच आखाजीला सालदाराचे वर्ष संपते आणि नवे सुरू होते. म्हणजे ज्या दिवशी गरीब माणसाच्या हातात वर्षातली सर्वांत मोठी रक्कम, नव्या सालाची उचल, येते, त्याच दिवशी गावात डाव मांडलेला असतो. ही सांगड कुणी कट करून घातलेली नाही. पण ती उचल हरली तर पुढचे बारा महिने राबायचे कुणी? सालदाराने. आणि घरात उपाशी कुणी? त्याबद्दल डावात एक शब्दही निघत नाही.

दहावीच्या गणितात संभाव्यता नावाचे प्रकरण आहे. फासे, नाणी आणि पत्त्यांच्या जोडाची उदाहरणे असतात. आमच्या उर्दू पुस्तकातही तीच. ते शिकवताना आम्ही मटक्याचाच हिशेब फळ्यावर मांडतो. शून्य ते नऊ असे दहा आकडे. एका आकड्याला सहसा नऊपट मिळतात. दहा रुपयांप्रमाणे शंभर वेळा लावले तर हजार रुपये गेले. हिशेबाने दहा वेळा आकडा लागेल, नव्वदप्रमाणे नऊशे परत येतील. शंभर रुपये गेले ते गेलेच. रोज लावणाऱ्याला हे लागू होते, दोन दिवस लावणाऱ्याला होत नाही, आणि नेमकी तिथेच मेख आहे. दोन दिवसांचा अनुभव हिशेबाच्या विरुद्ध जाऊ शकतो. जिंकलेला माणूस मोहल्लाभर सांगत फिरतो, हरलेला सांगत नाही. मुले हा हिशेब पटकन समजतात. एका मुलाने विचारले होते, "सर, मग हे अब्बांना सांगू का?" सांग म्हणणे सोपे होते. त्या घरात त्यानंतर काय होईल, याचा हिशेब मात्र फळ्यावर मांडता येण्यासारखा नव्हता.

मोठ्या आकड्यांचेही असेच. कायदा आणताना सरकारने अंदाज दिला होता की पैशाच्या ऑनलाइन खेळांमुळे सुमारे ४५ कोटी लोकांची दरवर्षी सुमारे २०,००० कोटी रुपयांची हानी होते. भागाकार केला तर माणशी ४४४ रुपये येतात. वर्षाला ४४४ रुपये म्हणजे काहीच नाही, असे कुणीही म्हणेल. पण हानी अशी वाटून होत नसते. चाळीस रुपये हरणारे असंख्य असतात आणि त्यांच्याआड शेती, दागिने, भिशीची रक्कम आणि बहिणीच्या लग्नाचे पैसे घालवणारे थोडे असतात. धंदा चालतो तो मुख्यतः या थोड्यांच्या जिवावर.

मग बंदी हाच उपाय का? इथे आमच्या बैठकीत दुसरा वाद झाला. मुंबईचा जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा आहे. इतक्या वर्षांत मटका बंद झाला का? वर्तमानपत्रात छोटी बातमी येते. कलम १२ (अ) प्रमाणे गुन्हा, काही रोकड आणि सट्ट्याचे साहित्य जप्त. चार दिवसांनी तोच माणूस त्याच कोपऱ्यावर. आमच्यातला तरुण विज्ञान शिक्षक म्हणाला, यापेक्षा परवाना द्या, कर घ्या, नोंद ठेवा, निदान दिसेल तरी. हा युक्तिवाद पोकळ नाही. बंदीने गोष्ट नाहीशी होत नाही, अंधारात जाते, आणि अंधारात हप्ता जन्माला येतो.

पण परवान्याचा अनुभवही आपल्याकडे आहे. घोड्यांच्या शर्यतीचा परवाना मुंबईत १९१२ च्या कायद्यापासून आहे. राज्याची लॉटरी १९६९ साली सुरू झाली. १९७६ मध्ये तर महाराष्ट्राने कॅसिनोचा कायदाही करून ठेवला होता, नियंत्रण आणि कर दोन्हींसाठी. तो कधी अमलातच आला नाही आणि अखेर २०२३ मध्ये रद्द केला गेला. सत्तेचाळीस वर्षे एक कायदा कपाटात पडून होता. शेजारच्या गोव्याने मात्र कॅसिनोला परवाने दिले, मांडवीत जहाजे उभी राहिली, आणि फेब्रुवारी २०२० पासून गोव्याच्याच रहिवाशांना तिथे खेळण्यास बंदी केली. या शेवटच्या गोष्टीवर आम्ही बराच वेळ बोललो. जी वस्तू आपल्या मुलाला देणार नाही ती पाहुण्याच्या मुलाला विकायची. सरकारला नेमके ठाऊक असते की आपण काय विकत आहोत.

कराचा लोभ हा परवान्याचा दुसरा रोग. ऑक्टोबर २०२३ पासून केंद्राने ऑनलाइन पैशाच्या खेळांवर लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लावला. म्हणजे शंभर रुपये भरले की अठ्ठावीसचा वाटेकरी सरकार. दोन वर्षांनी तेच खेळ समाजाला घातक म्हणून बंद झाले. घातक ते २०२३ मध्येही होतेच. आणि लॉटरी व शर्यतींवर सप्टेंबर २०२५ मध्ये ४० टक्के कर झाला, पण त्या काही बंद झाल्या नाहीत. कौशल्याचा मुद्दाही असाच सोयीने वापरला गेला. रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये म्हटले, घोड्यांच्या शर्यतीबद्दल १९९६ मध्ये. त्यावर कंपन्यांनी कोट्यवधींचे इमले उभारले. आम्हाला विचाराल तर नैतिकदृष्ट्या हा भेद उलटा आहे. नशिबाच्या खेळात निदान सगळे सारखेच आंधळे असतात. कौशल्याच्या खेळात पैसे लावले की डोळस माणूस आंधळ्याला लुटतो आणि त्याला हुशारी म्हणतात. ऑगस्टच्या कायद्याने हा भेद मोडला, हे त्यातले सर्वांत चांगले काम.

आता मशवऱ्याकडे येतो. जानेवारी २०२३ मध्येही याच मंत्रालयाने एक मसुदा काढून मते मागवली होती. तेव्हाचा प्रश्न होता, कंपन्यांच्या स्वयंनियमन संस्थांमार्फत या खेळांना वाट कशी करून द्यायची. एप्रिलमध्ये ते नियम झाले. २०२५ मध्ये बंदी घातली ती तीन दिवसांत, मते न मागवता. आम्हाला विचारले नाही अशी तक्रार कंपन्यांनी केली. आम्हाला त्यांच्या धंद्याचे दुःख नाही, पण तक्रार नोंदवण्यासारखी आहे. विचारायचे असेल तर दोन्ही वेळा विचारावे. आणि तसे पाहिले तर दोन्ही वेळा ज्याला विचारायला हवे होते त्याच्या दारात कुणी गेले नाही.

आमच्यातल्या एक आपा तोपर्यंत गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "या मसुद्यात तक्रार कुणी करायची, ते पुन्हा वाचा." वाचले. तक्रारीची वाट खेळणाऱ्यासाठी होती. कंपनीने पैसे अडवले, खाते बंद केले, तर खेळणाऱ्याने दाद मागायची. आपा म्हणाल्या, "आणि जिचे दागिने गेले ती? ती कुठे खेळली होती?"

महाभारतातील द्यूताची गोष्ट मराठी शाळेत शिकलेल्या आणि न शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आपण ती धर्माची गोष्ट म्हणून ऐकतो. ती एका सभेचीही गोष्ट आहे. द्रौपदीने भर सभेत प्रश्न विचारला की जो स्वतःला आधी हरला, त्याला मला पणाला लावण्याचा हक्क उरला होता का. सभेत भीष्म होते, द्रोण होते, विदुर होते. कायदा जाणणारे सगळे होते. थोरांपैकी कुणी सरळ उत्तर दिले नाही. विकर्ण नावाचा कौरवांतलाच एक तरुण उठून तिच्या बाजूने बोलला, तर त्याला गप्प बसवले. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ च्या निकालात महाभारताचा दाखला दिला आहे, पण आमच्या मते त्यातला खरा कायद्याचा प्रश्न द्रौपदीनेच विचारला होता. पण लावणारा कधीही केवळ स्वतःचे लावत नाही. त्याच्या खिशातल्या नोटेवर घरातल्या सगळ्यांची नावे असतात. म्हणून 'माझे पैसे, माझी मर्जी' हा युक्तिवाद एकट्या माणसाच्या बाबतीत कदाचित टिकेल, बायको-पोरे असलेल्याच्या बाबतीत टिकत नाही.

अशा लोकांना विचारले तर काय होते, याचे एक उदाहरण ब्रिटनचे आहे. तिथे गल्लीबोळांतल्या सट्ट्याच्या दुकानांत यंत्रे होती, एका वेळी शंभर पौंडांपर्यंत लावता येत. सरकारने मते मागवली. धंदेवाल्यांनी रोजगार जाईल, कर बुडेल म्हणून सांगितले. त्याच काळात जुगारामुळे ज्यांच्या मुलांनी जीव दिला, असे आईबाप पुढे येऊन बोलू लागले; २०१८ मध्ये त्यांची एक संघटनाही झाली. एप्रिल २०१९ पासून मर्यादा शंभरावरून दोन पौंडांवर आली. दरम्यान अंमलबजावणीला उशीर होतोय म्हणून खात्याच्या मंत्रीबाईंनी राजीनामा दिला. आपल्याकडे जुलै २०२५ मध्ये राज्याच्या तेव्हाच्या कृषिमंत्र्यांवर सभागृहात बसून मोबाइलवर रमी खेळल्याचा आरोप झाला. त्यांनी तो नाकारला. त्यांचे कृषी खाते गेले, क्रीडा खाते मिळाले. यावर आम्ही काय टिप्पणी करणार!

सहीह बुखारीत एक हदीस आहे. तिचा आशय असा की जो आपल्या सोबत्याला नुसते 'चल, जुगार खेळू' म्हणेल, त्याने सदका द्यावा. खेळला नाही, हरला नाही, केवळ बोलावले, तरी त्याची भरपाई. बोलावण्यालाच इतके गंभीर मानले आहे. या मापाने पाहिले तर क्रिकेटपटू आणि नटांनी गेली काही वर्षे रोज संध्याकाळी आपल्या मुलांना जे बोलावणे पाठवले, त्याचा सदका किती निघेल? भारतीय संघाच्या छातीवर अशाच एका कंपनीचे नाव होते. ते ऑगस्टच्या कायद्यानंतर उतरले. आमच्या वर्गातल्या मुलांना तो बोलावणारा चेहरा शिक्षकाच्या चेहऱ्याहून प्रिय असतो. जाहिरातीची शिक्षा सौम्य करू नका, हे म्हणूनच आम्ही ठळक लिहिले.

बोलावण्याचा विषय निघाला की घरातलेही बोलावे लागते. सट्टा लिहिणाऱ्यांत आपली मुले आहेत. त्यांचा पैसा आपल्या चंद्याच्या पावत्यांवर येतो. मदरशाला पंखे हवे असतात, कमिटीसमोर नोटा ठेवल्या जातात आणि कुणी विचारत नाही की कुठून आल्या. विचारले तर म्हणतात, गरिबांच्या मुलांनाच हवा लागेल ना. हाच तो मैसरचा उंट, फक्त आपल्या अंगणात कापलेला. जे आपण कमिटीला विचारत नाही ते मंत्रालयाला विचारायला आपली जीभ जरा जड व्हायला हवी.

शेवटी आम्ही दीड पानाचे मत लिहिले. जिच्या घरातला माणूस खेळतो तिला, आई असो की बायको, तक्रारीचा हक्क असावा आणि ती तक्रार तिच्या भाषेत घेतली जावी. मुलांच्या मोबाइलवर येणाऱ्या करमणुकीच्या खेळांत नाणी, रत्ने, पेट्या विकत घ्यायला लावतात, त्याचीही नोंदणीच्या वेळी तपासणी व्हावी. पैशाच्या खेळाची सवय तिथूनच लागते. आणि खेळणाऱ्याला शिक्षा नाही हे ठीक, पण त्याच्या सुटकेसाठी तालुक्याच्या रुग्णालयात कुणीतरी असावे. 'हराम' हा शब्द आम्ही कुठे वापरला नाही. गुरुजींनी सही केली नाही. मात्र मजकुरातल्या दोन चुका त्यांनीच काढल्या, आणि जाताना म्हणाले, लॉटरीबद्दल तुम्ही काहीच लिहिले नाही.

खरे होते. लॉटरी त्या मसुद्याचा विषय नव्हता. तिच्यासाठी राज्य सरकारला वेगळे पत्र लिहावे लागेल. त्याचा मजकूर अजून आमच्यात ठरलेला नाही. बंद करा असे लिहायचे म्हटले की आपा विचारतात, अनेक गावांत अपंग माणसे स्टँडजवळ बसून तिकिटे विकतात, त्यावरच त्यांची चूल पेटते. त्यांनी उद्या काय विकायचे, हे पत्रात कुठल्या ओळीत लिहिणार?